आप्पा, आता दिसतंय का?

रात्रीचे साडेनऊ. जळगावात माझी डेडलाइन डोक्यावर, पुढ्यात गार झालेली खिचडी आणि धुळ्याहून आप्पांचा फोन.

"तुझ्या टीव्हीत सगळं धुरकट दिसतं."

'तुझ्या' टीव्हीत, लक्षात घ्या! नीट चालतो तेव्हा तो 'आपला' असतो. शेजारच्या काकांसमोर तर 'आमचा त्रेचाळीस इंची'. कुरकुरला की लगेच माझा.

त्याचं असं झालं. आम्हा फ्रीलान्सर मंडळींना दिवाळीला बोनस नसतो. पीएफ नसतो, मिठाईचा डबासुद्धा नसतो. पण गेल्या दिवाळीत दोन-तीन ठिकाणचं थकलेलं मानधन एकदम खात्यात पडलं आणि माझ्यातली कर्तबगार लेक जागी झाली. जळगावातल्या शोरूममध्ये गेले, भिंतभर टीव्ही लखलखत होते. त्यातला सगळ्यात लखलखता फोर-के उचलला आणि धुळ्याला पाठवून दिला. सोबत एचडी सेटटॉप बॉक्स. एचडी पॅकचे पैसे दर महिन्याला माझ्या खात्यातून. माणसाने आणखी काय करायचं, बॉस?

आणि आता म्हणे, धुरकट!

पुढच्या शनिवारी एसटी पकडली. एरंडोल, पारोळा करत धुळं गाठलं. आईच्या हातची शेवभाजी आधी, टीव्ही नंतर, हा आमच्या घरचा प्रोटोकॉल. जेवून हॉलमध्ये आले तर आप्पांनी खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात अगदी तीन फुटांवर ओढलेली. "इतक्या जवळून बघाल तर धुरकटच दिसणार," मी म्हटलं आणि खुर्ची मागे सरकवली. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते नंतर फार महागात पडलं.

पिवळ्या पिनची गोष्ट

टीव्हीच्या मागे हात घातला आणि कपाळाला हात लावला. एचडी बॉक्स, फोर-के टीव्ही, आणि दोघांना जोडणारी वायर कुठली? तर जुन्या टीव्हीची लाल, पांढरी आणि पिवळी पिन! बसवायला आलेल्या मुलाने जुनी वायर काढली आणि तीच नव्याला खोचली. एचडीएमआयची वायर बॉक्सच्या खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, जशीच्या तशी.

फंडा साधा आहे. लाल आणि पांढरी पिन आवाजाची, पिवळी चित्राची. या पिवळ्या पिनमधून एचडी जातच नाही. उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबून येतात, तेही जुन्या दर्जाचे. म्हणजे दरमहा पैसे एचडीचे आणि घरात चित्र एसडीचं. हसू नका. आज रात्री तुमच्या गावाकडच्या घरी फोन करा आणि विचारा, टीव्हीच्या मागे पिवळी पिन आहे का. दहापैकी काही घरांत नक्की निघेल.

वायर बदलली. तरी चित्र जेमतेमच. कारण आप्पांनी रिमोटवर नेहमीचा नंबर दाबला होता. एचडी चॅनेल हे वेगळं चॅनेल असतं, त्याचा नंबर वेगळा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीच सांगितलं नव्हतं. स्टार प्रवाह आणि झी मराठी यांची एचडी रूपं २०१६ मध्येच आली, पण आप्पांच्या बोटांना पाठ होते ते जुने नंबर. एचडीचे पाच नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून रिमोटच्या पाठीला चिकटवले. आईचा शेरा: "हे तू दिवाळीलाच करायचं ना."

बरोबर होतं तिचं. पण मान्य कोण करतो?

एका ठिपक्याचे वीस

आता थोडं गणित. घाबरू नका, पाचवीचं आहे.

आपल्याकडचं जुनं, म्हणजे एसडी चित्र उभ्यात ५७६ ओळींचं. आडवे ठिपके जास्तीत जास्त ७२०. गुणाकार केला तर ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, बरोबर पाचपट. आणि माझा लाडका फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, बरोबर वीसपट. याचा अर्थ, एसडी चॅनेल लावलं की बिचाऱ्या टीव्हीला एका ठिपक्यावरून वीस ठिपके रंगवावे लागतात. एकोणीस ठिपके अंदाजपंचे! त्यात चॅनेल कमी जागेत बसवण्यासाठी सिग्नल आधीच दाबून दाबून बारीक केलेला. मग चेहऱ्यावर चौकोन दिसतात, कडा थरथरतात, लॉन म्हणजे हिरवा लगदा. जुन्या एकवीस इंची डब्यात हे सगळं खपून जायचं, कारण पडदा लहान आणि काच थोडी मवाळ. नवा टीव्ही काहीच लपवत नाही.

म्हणून तर आप्पा म्हणत होते, "जुनाच बरा व्हता." शंभर टक्के खोटं नव्हतं ते.

आप्पा मुळात सेटिंगवाले. १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला, पण आमच्या घरात त्यानंतरही बरीच वर्षं ब्लॅक अँड व्हाइटच होता. त्याला ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि आवाज अशी तीन बटणं. रविवारी सकाळी 'रामायण' सुरू व्हायच्या आधी आप्पा गच्चीवर अँटेना फिरवायचे आणि आई खिडकीतून ओरडायची, "आलं... आलं... गेलं!" ही गोष्ट मी जन्मायच्या आधीची, पण इतक्यांदा ऐकली आहे की मीच गच्चीवर होते असं वाटतं. पुढे केबल आली. केबल डिजिटल करताना मुंबईचा नंबर २०१२ मध्ये लागला, पुणे-नाशिकचा २०१३ मध्ये, आणि आमच्या जळगाव-धुळ्यासारख्या शहरांना तिसऱ्या टप्प्यात ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत मिळाली. बॉक्स आला आणि आप्पांची तीन बटणं मेनूच्या सातव्या पायरीखाली गडप झाली.

व्हिव्हिडचा भूलभुलैया

तर मी ती पायरी उतरले. टीव्ही अजून 'व्हिव्हिड' मोडवर होता. हा मोड शोरूमसाठी. ट्यूबलाइटच्या झगमगाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला उठून दिसावा म्हणून निळसर पांढरा, भडक लाल आणि उजेड पूर्ण. घरात हाच मोड ठेवला की हिरॉइनचे गाल टोमॅटोसारखे. मी सगळं जागेवर आणलं:

मोड 'सिनेमा'. शार्पनेस खाली, कारण शार्पनेस वाढवून नवीन बारकावे येत नाहीत, नुसती कडेला पांढरी रेघ ओढली जाते. कलर टेंपरेचर 'वॉर्म', कारण स्टुडिओत ज्या पांढऱ्यावर रंग जुळवतात तो ६५०० केल्विनच्या आसपासचा, आणि 'वॉर्म' साधारण त्याच्या जवळ जातो. हालचाल गुळगुळीत करणारं फीचर बंद. हे फीचर सेकंदाला चोवीस फ्रेमच्या सिनेमात मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घुसवतं आणि मोठा सिनेमासुद्धा दुपारच्या सीरियलसारखा दिसायला लागतो. खुद्द टॉम क्रूझने डिसेंबर २०१८ मध्ये व्हिडिओ काढून लोकांना सांगितलं होतं, की बाबांनो, हे बंद करा. टॉम क्रूझचं ऐकायचं नाही तर कुणाचं?

आई म्हणाली, "अगं, किती छान! साडीचा खरा रंग दिसतोय."

आप्पा काहीच बोलले नाहीत. मी आपली जग जिंकल्यासारखी जळगावला परतले.

"माले तं सगळं पिवळं दखास"

चार दिवसांनी फोन. आता धुरकटबरोबर पिवळंही! हळदीत बुडवल्यासारखं, म्हणे. मी फोनवर समजावलं. वॉर्म म्हणजे काय, सवय व्हायला दोन आठवडे लागतात वगैरे. मास कॉम केलेल्या माणसाला समजावता येतंच, असा आमचा समज.

पुढच्या महिन्यात गेले तर काय? सगळं पूर्ववत. व्हिव्हिड मोड, बॅकलाइट शंभर, कॉन्ट्रास्ट शंभर, खुर्ची परत तीन फुटांवर. संध्याकाळच्या अंधाऱ्या हॉलमध्ये तो टीव्ही हॅलोजनसारखा पेटलेला. माझं डोकं सटकलं.

"आप्पा, तुम्हाला नीट बघायचंच नाहीये का? मी एवढे पैसे घालायचे आणि तुम्ही..."

वाक्य मी पुरं केलं नाही. पण जेवढं बोलले तेवढं पुरेसं होतं. आप्पांनी रिमोट माझ्या हातात दिला. "कर माय, तुला कसं पाहिजे तसं," म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. मी परत सगळं 'बरोबर' केलं. बरोबर, म्हणजे माझ्या डोळ्यांना बरोबर.

तिसऱ्या खेपेला मॅच लागली होती. आप्पा आत आले, पडद्याकडे बघत म्हणाले, "किती झाले?"

स्कोअर समोर होता. खालच्या पट्टीत, ठळक आकड्यांत, एचडीमध्ये.

मी आईकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "मला तर एकदम स्वच्छ दिसतं गं. यांनाच काय होतं कळत नाही. रात्रीची स्कूटर पण बंद केली यांनी. समोरच्या दिव्याचा चकाका मारतो म्हणतात."

खुर्ची तीन फुटांवर. उजेड शंभर. पिवळं. धुरकट. चकाका. चार महिने मी टीव्हीची एकेक सेटिंग तपासत होते आणि सगळी लक्षणं माझ्यासमोर खुर्चीत बसलेली होती.

"हे स्पष्ट, की हे?"

धुळ्यातल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त पिकलेला. डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. डोळ्यातलं भिंग वयानुसार गढूळ आणि पिवळसर होत जातं. उजेड आत कमी पोचतो, म्हणून माणूस जास्त उजेड मागतो. निळा रंग गाळला जातो, म्हणून सगळं जुन्या फोटोसारखं दिसतं. आणि समोरून दिवा आला की त्या गढूळपणात उजेड पसरतो, तोच चकाका. हे इतकं हळूहळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही. तो टीव्हीलाच दोष देतो. आणि त्याची शहाणी मुलगी टीव्हीची वायर बदलते.

आप्पांनी बॅकलाइट शंभरवर नेला होता तो हट्टाने नव्हे. बिचारे आपल्या परीने डोळ्यांवरचा पडदा भेदत होते. व्हिव्हिडचा निळसरपणा त्यांच्या पिवळ्या भिंगाला उतारा होता. आणि मी त्यावर 'वॉर्म'चं आणखी एक पिवळं फडकं टाकत होते! पाठ्यपुस्तकाप्रमाणे माझी सेटिंग अचूक होती. फक्त बघणारा माणूस त्या पुस्तकात नव्हता.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर भिंगं बदलत विचारत होते, "हे स्पष्ट, की हे? आता? आता?" आणि आप्पा म्हणत होते, "आलं... नाही, गेलं." माझ्या घशात काहीतरी अडकलं. गच्चीवरचा अँटेना आठवला. तेव्हा निदान खिडकीतून विचारणारं कुणीतरी होतं. मी चार महिन्यांत आप्पांना एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्हाला नेमकं काय दिसतं? मी फक्त सांगत होते, काय दिसायला हवं ते.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी आप्पा हॉलमध्ये एकेक डोळा मिटून भिंतीकडे बघत होते. उजव्याने बघायचे, मग डाव्याने, परत उजव्याने. "ही भिंत निळी कधी केली?" आई म्हणाली, "अहो, पहिल्यापासून निळीच आहे." मग कॅलेंडर, चादर, आईची साडी, सगळ्यांची तपासणी झाली. उजव्याने पांढरं, डाव्याने पिवळं. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत दोन टीव्ही!

महिन्याभराने डावाही झाला. आता टीव्ही लावला तर आप्पांनी डोळ्यांवर हात धरला. "कोणी इतका उजेड करून ठेवला?" मी आणि आई एकमेकींकडे बघून हसलो. या वेळी मी रिमोटला हात लावला नाही. शेजारी बसले आणि मेनू कुठे आहे एवढंच दाखवलं. आप्पांनी स्वतः बॅकलाइट खाली आणत आणत पंचेचाळीसवर थांबवला. मोड स्टँडर्ड. कलर टेंपरेचर मधलं. मला सिनेमा मोड जास्त आवडतो, पण कुणी विचारलंय?

खुर्ची आता सात फुटांवर आहे. परवा फोन आला. "तो अंपायर चुकला. बॉल बॅटला लागला होता, मी इथून बघितलं!" टीव्ही कुणाचा ते या वेळी त्यांनी सांगितलं नाही.

रिमोट हातात घ्या!

आता तुमची पाळी. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा अर्धा तास काढा.

१. आधी वायर. एचडी बॉक्स असेल तर एचडीएमआयच हवी. मग बॉक्सच्या मेनूत जाऊन आउटपुट १०८० वर आहे का ते बघा. टीव्ही भारीतला असून बॉक्सच ५७६ वर अडकलेला, हेही सर्रास आढळतं.

२. एचडीचे नंबर लिहून द्या किंवा फेवरिट लिस्ट बनवा. आणि सगळीच चॅनेल्स एचडी घेऊ नका. २०१९ च्या नियमांत नेटवर्क शुल्कासाठी एक एचडी चॅनेल दोन एसडी चॅनेल्सच्या बरोबर मोजलं गेलं होतं. बातम्यांना एसडी चालतं. मॅच आणि सिनेमा एचडीत बघा.

३. माणसं जाड दिसतात? जुनं ४:३ चित्र ताणून १६:९ केलं आहे. बॉक्समध्ये किंवा टीव्हीत चित्राचा आकार 'ओरिजिनल' करा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. 'झूम' केलं तर खालची बातम्यांची पट्टी कापली जाते.

४. एचडीसाठी: सिनेमा किंवा स्टँडर्ड मोड, शार्पनेस कमी, नॉइज रिडक्शन बंद. बॅकलाइट खोलीप्रमाणे. आपल्याकडच्या मे महिन्याच्या दुपारी खिडकी उघडी असेल तर जास्त, रात्री कमी.

५. एसडीसाठी: शार्पनेस आणखी खाली, नॉइज रिडक्शन 'लो' किंवा 'मीडियम', कॉन्ट्रास्ट किंचित कमी. शार्पनेस वाढवण्याचा मोह टाळा, त्याने फक्त चौकोन ठळक होतात. आणि दोन फूट मागे बसा. ही सगळ्यात स्वस्त सेटिंग!

६. टीव्ही सहसा चॅनेलप्रमाणे सेटिंग लक्षात ठेवत नाही, इनपुट आणि मोडप्रमाणे ठेवतो. बॉक्स एकच, म्हणून दोन मोड वाटून घ्या. एक एसडीसाठी, एक एचडीसाठी. एवढं जमणार नसेल तर एचडीची सेटिंग ठेवून नॉइज रिडक्शन 'लो' करा, दोन्हीकडे निभावतं.

७. ब्राइटनेस आणि बॅकलाइट वेगळे. ब्राइटनेस काळा किती काळा ते ठरवतो. एखाद्या नटाचे काळे केस बघा. केस नुसता काळा डाग दिसला तर ब्राइटनेस थोडा वाढवा, राखाडी दिसले तर कमी करा.

८. हे सगळं करूनही घरातलं एकच माणूस 'धुरकट दिसतं' म्हणत असेल, तर टीव्ही बंद करा आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. चार महिने थांबू नका. मी थांबले होते.